सकाळी बरा, संध्याकाळी आजारी

वातुसोले, कंदावू बेट, फिजी
३ मे १९८४

उनाइसी,

तुझी नर्सिंगची शाळा कशी चाललीय हे विचारायला हे पत्र नाही. ते मी न विचारताही तू चार पानं भरून कळवशील. मला तुझ्या भावाबद्दल विचारायचंय.

हो, माहितीय मला. वयात आल्यापासून तुम्ही दोघं एकमेकांशी अवाक्षर बोललेले नाहीत. तो पुढच्या दाराने आला की तू मागच्या दाराने बाहेर. बहीणभावांनी तसंच राहायचं असतं. माझा भाऊसुद्धा मला काही सांगायचं असलं तर त्याच्या बायकोला मधे घालतो. पण एका घरात वाढलात ना? डोळे तर होते तुला? म्हणून खरं काय ते सांग. टोकासाचं आणि त्याचं आधी काही होतं का?

टोकासा म्हणजे खाडीपलीकडची, मालिश करते ती. नवरा जाऊन तीन वर्षं झाली, पण केसांत फूल खोवायचं सोडलेलं नाही. तुझा भाऊ गेला महिनाभर दुपारचा तिकडे जातो. येतो तेव्हा अंगाला तेलाचा वास. साधं खोबरेल नव्हे बरं का, फुलं घालून मुरवलेलं, आपण लग्नाकार्याला लावतो ते. संध्याकाळी मी ताट वाढते. नारळाच्या दुधातला मासा, अगदी तुझ्या आईच्या हातचा असावा तसा. दोन घास खातो आणि ताट सरकवतो. चावायचा कंटाळा येतो म्हणे! बाहेर पोट भरून आलेल्या पुरुषाशिवाय असं कोण म्हणेल गं?

डोळे अर्धे मिटलेले, बोलणं नाकातून. यांगोनाच्या मुळीचं गुंगीचं पाणी पीत भांड्यापाशी दुपारपासून ठाण मांडून उठलेल्या माणसाचं होतं तसं. पण आपली पुरुषमंडळी म्हणतात, अपिसाई हल्ली आमच्यात बसतच नाही. मग पितो कुठं? आणि कुणाच्या हातचं?

पोरी बऱ्या आहेत. मी बरी नाही.

लावेनिया


सुवा
१७ मे १९८४

लाडक्या वहिनी,

चार पानं लिहिणार होतेच, तू आधीच टोमणा मारलास म्हणून तीन लिहिते.

आम्हाला सध्या स्नायू चालू आहेत. मिसेस नायडू म्हणून बाई आहेत, त्या शब्द फोडून शिकवतात, आपण खेकडा फोडतो तसं. मायो म्हणजे स्नायू. अल्जिया म्हणजे दुखणं. जोडलं की मायाल्जिया, अंग दुखणं. शेवटी आयटिस आलं की दाह. ट्रॉफी म्हणजे पोषण, त्याच्या आधी ‘अ’ लागला की स्नायू झिजला. पापणी गळून डोळ्यावर येते तिला टोसिस म्हणायचं. मी रस्त्याने जाताना लोकांना नावं ठेवत जाते. आमच्या बसचा ड्रायव्हर टोसिस, वॉर्डातला पहारेकरी मायाल्जिया.

आता तुझ्या नवऱ्याचं. त्याच्या आजाराला लॅटिन लागत नाही, यांगोना पुरेसा आहे. इतका पितो की जबडा सैल पडतो. आणि तुमच्या लोकांत बसत नसेल तर शेजारच्या गावात बसत असेल. गावच्या प्रमुखाच्या, आपल्या रातूंच्या वतीने बोलणारा माणूस तो, चार गावांत त्याला बोलावणी असतात. टोकासाकडे जातो म्हणालीस, तर ती मालिश करते. अख्खं बेट तिच्यासमोर पालथं पडतं, त्यात संशय कसला?

वहिनी, आता एक विचारू? रागावू नकोस. गेल्या ख्रिसमसला तुझे वडील म्हणत होते की लावेनियाने ओनो बेटावर येऊन आमच्याकडे राहावं, घर रिकामं पडलंय. तू आधीपासून निमित्त तर शोधत नाहीस ना? आणि कसाव्याचे कंद नीट शिजवतेस ना? चावायचा कंटाळा येतो म्हणतो तो, म्हणून विचारलं.

उनाइसी


वातुसोले
९ जून १९८४

वन्सं,

कसावा नीट शिजतो. तुझी जीभ मात्र जरा जास्तच शिजलीय.

मालिश करून घ्यायची तर टोकासाला घरी बोलावतात. बायको पोरं समोर बसतात, गप्पा होतात, जाताना तिला मासे देतात. लपून कोण जातं? मी विचारलं त्याला, सरळ. खाली बघत राहिला. तुला सांगते उनाइसी, त्याने खोटं सांगितलं असतं ना, तरी मला इतका राग आला नसता.

आता पुढचं ऐक. नव्या चर्चसाठी पाहुणे आले होते, मोठमोठे. रीतीप्रमाणे मानाचा देवमाशाचा दात पुढे करून रातूंच्या वतीने बोलायचं होतं. सकाळी ठरलेलं, पण पाहुण्यांची बोट उशिरा आली, दुपार कलली. तुझा भाऊ दात हातात घेऊन बसला. सुरुवात अशी झाली की माझ्यासुद्धा अंगावर काटा आला. काहीही असो, बोलतो तो छान. मग आवाज नाकात गेला. मग शब्द एकमेकांत मिसळले. मग नुसता घोगरा वारा. हात खाली आले, दात मांडीवर पडला. बायाबापड्या माना खाली घालून बसल्या.

गाव काय म्हणतंय ते तुला सांगायला नको. रातूंच्या तोंडाने बोलणाऱ्याच्या पोटात खोटं असलं की पूर्वज त्याचं तोंड बंद करतात. कुणी म्हणतं जमिनीचं काही लपवलंय, कुणी म्हणतं बाईचं. मी काय म्हणत असेन ते तू ओळख.

आजारी असेल म्हणशील? आजारी माणूस घड्याळ बघून आजारी पडतो का? सकाळी लाकडं फोडतो, होडी एकटा ओढतो, पोरींना खांद्यावर घेऊन नाचतो. दुपारनंतर हात वर करून सदरा काढता येत नाही. सकाळी कोंबडा, संध्याकाळी भिजलेलं पिल्लू. परवा मला म्हणाला, “लावेनिया, मला तुम्ही दोघी दिसताय.” मी म्हटलं, “एक पुरत नाही वाटतं!” तो हसला, पण उनाइसी, हसताना त्याचं तोंड वर गेलंच नाही. गुरकावल्यासारखं दिसलं. मला भीती वाटली आणि मग भीती वाटली म्हणून जास्तच राग आला.

शाळेला सुट्टी लागली की पोरींना घेऊन मी ओनोला जाते. परत येईन की नाही ते विचारू नकोस.

लावेनिया


सुवा
२० जून १९८४

वहिनी,

थट्टा बाजूला ठेव. हे पत्र बोटीवरच्या माणसाच्या हातात देतेय, टपालावर सोडत नाही.

काल मिसेस नायडूंनी फळ्यावर एक नाव लिहिलं. मायस्थेनिया ग्रेविस. मायो स्नायू, अस्थेनिया म्हणजे बळ नसणं, ग्रेविस म्हणजे गंभीर. यात स्नायू दुखत नाही, झिजतही नाही, म्हणून कुणाचा विश्वास बसत नाही. नसेकडून आलेला हुकूम स्नायूला नीट पोचत नाही. विश्रांती झालेली असेल तोवर बरं, वापरत गेलं की बळ संपतं. म्हणून सकाळी माणूस धडधाकट आणि संध्याकाळी पापण्या गळलेल्या. जबडा चावून चावून थकतो, आवाज बोलून बोलून नाकात जातो, एकाचे दोन दिसतात. हसू गुरकावल्यासारखं दिसतं हेसुद्धा बाईंनी सांगितलं. मी तुझं पत्र पुस्तकात ठेवलं होतं. बाई एकेक सांगत होत्या आणि मी एकेक ओळ तुझ्या पत्रात वाचत होते. मागच्या खेपेला यांगोना म्हणून मोकळी झाले, त्याची मला लाज वाटते.

तू एवढं कर. दुपारी त्याला बसव आणि आढ्याकडे बघत राहायला सांग. पापण्या हळूहळू खाली आल्या तर समजायचं. मोठ्याने आकडे मोजायला लाव, आवाज फिरतो का बघ. मला विचारता येत नाही, तुला येतं.

आणि त्याला इकडे घेऊन ये. घशाचे स्नायू थकले की घास श्वासनलिकेत जातो. छातीचे थकले तर श्वासच थांबतो. याला गोळ्या आहेत वहिनी, चांगल्या गोळ्या आहेत. पण तू सोबत ये. मी पुरुषांच्या वॉर्डात आहे, तू मधे नसलीस तर मला त्याला “पाणी हवं का” एवढंही विचारता येणार नाही.

उनाइसी


वातुसोले
२ जुलै १९८४

वन्सं,

वा! भाऊ बायकोला फसवतो आणि बहीण त्याला लॅटिनमधून पांघरूण घालते. लहानपणापासून बोलत नाही म्हणता, मग एवढा मेळ कसा जमतो तुमचा?

तुझी परीक्षा घेतली मी. आढ्याकडे बघ म्हटलं. बघितलं. पापण्या आल्या खाली. पण मला सांग, झोप आलेल्याच्या येत नाहीत? आकडे मोज म्हटलं तर मोजता मोजता घोगरा झाला, आणि मला म्हणाला, “तूसुद्धा चेष्टा करतेस?” मी चेष्टा करत नव्हते. पण तो नाटक करत नव्हता हे मला कोण सांगणार? तू? तू त्याची बहीण.

गेल्या आठवड्यात मी खाडी ओलांडून गेले. चटईवर पालथा पडलेला, उघड्या पाठीने, आणि ती शेजारी. दार लावलेलं, मीच ढकलून उघडलं. मला बघून टोकासा उठली, तो उठला नाही. मी म्हटलं, “बोल. एक वाक्य बोल, आणि मी विश्वास ठेवते.” त्याने तोंडावर हात ठेवला आणि मान हलवली. एक वाक्य, उनाइसी! चार गावांसाठी बोलणाऱ्याला बायकोसाठी एक वाक्य मिळालं नाही.

रातूंनीच शेवटी सांगितलं की त्याला सुव्याला पाठवा. शनिवारी बोटीवर बसवला. मी गेले नाही त्याच्याबरोबर. तुझा भाऊ आहे, तुझे शब्द आहेत, तूच सांभाळ. मी उद्या पोरींना घेऊन ओनोला निघते.

ला.


सुवा
१५ जुलै १९८४

लावेनिया,

हे पत्र तुझ्या वडिलांच्या पत्त्यावर पाठवतेय. रागाने लिहितेय, आणि रडून झाल्यावर लिहितेय, म्हणजे दोन्ही आहे असं समज.

तो आला तेव्हा बोटीवर उभ्यानेच दमलेला होता. मान धरून राहत नव्हती, हनुवटीला हाताचा टेकू देऊन बसायचा. मला बघताच त्याने भिंतीकडे तोंड केलं. मी दुसऱ्या वॉर्डात बदली मागितली, ती दुसऱ्या दिवसापासून मिळणार होती. तोवर प्रेमिला नावाची माझी मैत्रीण आमच्या मधे बोलत होती. मी तिला सांगायचं, तिने त्याला. शेजारच्या खाटेवर कुणाला आणलं होतं माहितीय? वाइसाके काकांच्या जावयाला. आणि काका उशाशी बसलेले, आपल्या गावचा कान आणि आपल्या गावचं तोंड.

दुपारचं जेवण आलं. प्रेमिला औषधं आणायला गेली. त्याने स्वतःच्या हाताने कसाव्याचा तुकडा तोंडात घातला. मी दाराशी पाठ करून उभी होते, असायला हवं तशी. आणि मला आवाज ऐकू आला. आवाज नव्हे, आवाज थांबलेला ऐकू आला. वळले तर तो डोळे उघडायला धडपडतोय, पापण्या उठत नाहीत, ओठ निळे. हात वर करायचाय, हात उठत नाही. आणि वहिनी, माझी चाहूल लागताच त्याने मान दुसरीकडे फिरवली! मरतानासुद्धा! मला लाज वाटू नये म्हणून!

मग मी ओरडले. “अपिसाई! थुंक! दादा, इकडे बघ, थुंक ते!” त्याचं डोकं बगलेत धरलं, तोंडात बोटं घालून घास काढला, पाठीवर बुक्क्या मारल्या. “श्वास घे, अपिसाई, घे रे!” बारा वर्षांची होते तेव्हा त्याच्याशी शेवटचं बोलले होते, आणि तीस वर्षांची होऊन बोलले ते हे. भावाचं नाव घेऊन, चारचौघांत, त्याच्या तोंडात हात घालून.

डॉक्टर पिल्ले धावत आले. नळीने घसा साफ केला. मग म्हणाले, आता खात्री करूनच घेऊ, आणि दंडात सुई दिली. आम्ही सगळे त्याच्या डोळ्यांकडे बघत उभे राहिलो. आधी काहीच झालं नाही. मग पापणी जराशी हलली, मग वर गेली, आणि त्याचा डोळा पूर्ण उघडला, लहानपणी होता तसा. मान उचलली. प्रेमिलाला म्हणाला, स्वच्छ, खणखणीत, “बाई, पाणी देता?” डॉक्टर म्हणाले, हाच तो. मायस्थेनिया. गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या, काम दुपारच्या आत उरकायचं, बाकी माणूस माणसासारखा जगेल.

त्या सुईचं बळ तासभर टिकतं. तो तासभर प्रेमिलाशी बोलला आणि मी पडद्यामागे ऐकत होते. टोकासाची साधी मालिश घरी सगळ्यांसमोर होते, पण दुखण्यावरची चार दिवसांची असते, आणि पुरी होईपर्यंत घरात कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो. तुला मी सांगायला नको ही रीत, तुझ्या आजीनेही पाळलीय. चार दिवस झाले, गुण नाही. टोकासा म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून. ते झाले, पुन्हा पहिल्यापासून, असं करत तीन महिने गेले. तू दारात उभी राहिलीस तो शेवटचा दिवस होता. त्याला वाटलं, एवढा एक दिवस गप्प राहिलो तर उद्या बरा होऊन सगळं सांगेन. आवाज जातोय हे गावाला कळू नये म्हणून लपून जात होता, आणि तुला कळू नये म्हणून सगळ्यात जास्त.

आता माझी भीती ऐक. वाइसाके काका सगळं बघत होते. उठून गेले. ते मंगळवारच्या बोटीने गावी निघालेत. बहिणीने ज्याच्यावर नाव घेऊन ओरडावं, ज्याच्या तोंडात हात घालावा, तो रातूंच्या वतीने कुठल्या तोंडाने बोलणार? गाव त्याची जागा काढून घेईल. माझं काय, मी गावात नाही आले तरी चालेल. पण आवाज आत्ता कुठे परत मिळालाय त्याला. आणि तो वापरायचा कुठे?

तू सोबत आली असतीस तर यातलं काही झालं नसतं. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

उनाइसी


वातुसोले
५ ऑगस्ट १९८४

माझे बाई उनाइसी,

तुझं पत्र वाचलं आणि त्याच दिवशी वडिलांची होडी मागितली. वडील म्हणाले, समुद्र खवळलाय. मी म्हटलं, मी जास्त खवळलेय. पोरींना आजोबांकडेच ठेवलं.

पोचले तेव्हा सभा बसलेलीच होती. वाइसाके काकांनी सगळं सांगून टाकलं होतं, खोटं एक अक्षर नाही, आणि तेच वाईट. मी दाराशी खाली बसले, टाळी वाजवून बोलायची परवानगी मागितली. रातूंनी थेट माझ्याशी बोलायचं नसतं, आणि मधे बोलणारा तर तुमच्या दवाखान्यात! शेवटी काकांनाच मधे घातलं. प्रश्न रातूंचा, आवाज काकांचा, “बहीण भावाशी बोलली, हे खरं?”

मी म्हटलं, “नाही. बोलले मी.”

सगळे वळून बघायला लागले. मी म्हटलं, “अपिसाई दात हातात घेऊन बोलतो तेव्हा कोण बोलतं? रातू बोलतात. त्याने कुणाला चुकून कडक शब्द वापरला तर कुणी म्हणतं का, अपिसाईने अपमान केला? नाही. तोंड त्याचं, शब्द रातूंचे. तसंच हे. पोरींमुळे मला बोटीवर जाता येईना, म्हणून मी नणंदेला निरोप धाडला होता, वेळ आलीच तर माझ्या वतीने बोल. तोंड उनाइसीचं, शब्द माझे. नवऱ्याचं नाव घेऊन बायको ओरडली, त्यात कुठला नियम मोडला?”

काकांनी हे रातूंना परत सांगायचं होतं. सांगता सांगता काकांच्याच लक्षात आलं की यात चूक काढायची तर रातूंच्या तोंडातही चूक निघते. अडखळले बिचारे. रातूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं, उनाइसी. मला शपथेवर सांगता येईल की कळलं. मग त्यांनी काकांकरवी विचारलं, “आणि ‘दादा’? बायको नवऱ्याला दादा म्हणते?”

हे काकांनी सांगितलं असेल असं मला वाटलंच नव्हतं. मग तोंडातून निघून गेलं, “रातू, निरोप लांबून गेला. वाटेत एखादा शब्द चिकटला असेल.”

कुणीतरी मागे फिसकन हसलं. मग रातू हसले. मग वाइसाके काका, मग सगळे. रातू म्हणाले, यापुढे पाहुण्यांच्या बोटी सकाळीच बोलवा, आपला बोलणारा दुपारनंतर बोलत नाही. झालं. तेवढ्यावर सभा उठली. तू ख्रिसमसला गावी येतेस. वाइसाके काका म्हणाले, तुझ्यासाठी डुक्कर राखून ठेवतो, पोरगी बुक्क्या चांगल्या मारते.

टोकासाकडेही जाऊन आले. तोंडातून माफी निघत नव्हती, म्हणून मासे दिले. तिने घेतले. तेलाचा वास अजून मला आवडत नाही, ते काही जाणार नाही.

आता खरं ते तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. निरोप कसला धाडतेय मी! त्या शनिवारी तो बोटीवर चढला, हनुवटीला हात लावून किनाऱ्याकडे बघत उभा राहिला, आणि मी घरात चूल फुंकत बसले. कसाव्याचा तुकडा बांधून दिला नाही की ‘नीट जा’ म्हटलं नाही. तू जे ओरडलीस ते मी म्हणायला हवं होतं. आता गावाला वाटतं मीच म्हटलं, आणि वन्सं, मला ते आवडतंय.

हे पत्र उद्याच्या बोटीने निघेल, त्यापुढच्या बोटीने मी येतेय. त्याला अजून काही सांगू नकोस, प्रेमिलाकडूनही नको. दुपारच्या आत पोचेन, त्याला नीट बोलता येईल तोवर. मग तुला जे काही भावाला विचारायचं असेल, अठरा वर्षांचं, ते सगळं मला सांग. मी मधे बसते.

तुझी वहिनी,
लावेनिया